प्लेगची सांथ आणि पेशींतील खुणा

आढ्यावरून उंदीर खालीं पडावा, त्यानें दोन गिरक्या घ्याव्या आणि तेथेंच मरून पडावें. एवढें पाहिलें कीं घरांतील कर्त्या बाईनें भांडींकुंडीं बांधावयास घ्यावीं, आणि सायंकाळच्या आंत सारें बिऱ्हाड गांवाबाहेर रानांतल्या पालाच्या झोपडींत जाऊन पडावें, हा क्रम सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या कृष्णाकांठच्या मुलखांत एके काळीं इतका अंगवळणीं पडला होता कीं, वर्षांची मोजदाददेखील लोक त्यावरून करीत. ‘पहिल्या प्लेगांतला जन्म’, ‘दुसऱ्या प्लेगांत थोरला गेला’, अशा खुणांनीं कित्येक घराण्यांचा इतिहास तोंडीं चालत आलेला आहे. श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें खुणांविषयींच. परंतु त्या दोन जातींच्या आहेत. प्लेगच्या काळीं सरकारनें घरांवर खुणा केल्या. आपल्या शरीरांतील पेशीहि अहोरात्र अशाच खुणा करीत असतात, आणि रोगाशीं लढावयाचें केव्हां व थांबावयाचें केव्हां, हें बव्हंशीं त्या खुणांवर ठरतें. पहिली खूण सर्वांच्या डोळ्यांना दिसली. दुसरी दिसावयास ऐंशीं वर्षें लागलीं.

प्रथम काळाचा विचार करूं. मुंबईस मांडवीच्या दाट वस्तींत १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगास यांनीं प्लेगचा पहिला रोगी ओळखला. जंतूचा शोध तत्पूर्वीं दोनच वर्षें, १८९४ सालीं, हाँगकाँगमध्यें अलेक्झांद्र येर्सिन यांनीं लावला होता. म्हणजे शत्रूचें नांव ठाऊक झालें होतें, परंतु तो कोणत्या वाटेनें घरांत शिरतो हें कोणासच ठाऊक नव्हतें. पिसू हें त्याचें वाहन आहे, असें पॉल-लुई सिमों यांनीं १८९८ त सांगितलें. तें विद्वानांना पटावयास आणखी आठ-दहा वर्षें गेलीं. मधल्या काळांत वाहनाचें वाहन, म्हणजे आगगाडी, आपलें काम करीत होती. पुण्याहून सातारा जिल्ह्यांतून मिरजेकडे व तेथून बेळगांव-हुबळीकडे जाणारा लोहमार्ग तेव्हां नवाच होता. धान्याच्या पोत्यांतून उंदीर गेले, कपड्यांच्या बोचक्यांतून पिसवा गेल्या, आणि मुंबईचें दुखणें घांट चढून कृष्णेच्या खोऱ्यांत उतरलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आजचा सांगली जिल्हा त्या वेळीं अस्तित्वांत नव्हता. सांगली व मिरज येथें पटवर्धनांचीं संस्थानें होतीं, आणि तासगांव, वाळवें, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यांत मोडत. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ त ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला व त्यास सांगली हें नांव १९६० सालीं मिळालें. तेव्हां जुन्या खानेसुमारींतील सातारा म्हणजे आजचे जवळ जवळ दीड जिल्हे. या जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ त सव्वाबारा लाखांच्या घरांत होती. १९०१ त ती साडेअकरा लाखांच्या आंत आली. त्या दहा वर्षांत दुष्काळहि पडला होता, म्हणून सारा दोष प्लेगच्या माथीं मारतां येत नाहीं. पण ज्या काळीं माणसें वाढावयाचीं त्या काळीं तीं घटलीं, एवढें त्या आंकड्यांवरून उघड आहे. सबंध हिंदुस्थानांत प्लेगनें पुढील कांहीं दशकांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं.

सरकारनें १८९७ च्या फेब्रुवारींत सांथींच्या रोगांचा कायदा केला. पुण्यास त्याची अंमलबजावणी ज्यांच्याकडे आली, ते वॉल्टर चार्ल्स रँड हे त्यापूर्वीं साताऱ्याकडे असिस्टंट कलेक्टर होते. वाईच्या वाद्यांच्या प्रकरणांत प्रतिष्ठित गृहस्थांना त्यांनीं तुरुंगांत धाडल्याची आठवण ताजी होती. म्हणून त्यांची नेमणूक कळतांच साताऱ्याकडील पुष्कळांना पुढचें चित्र दिसूं लागलें असल्यास नवल नाहीं. गोरे शिपाई घरांत शिरले, देवघरें व माजघरें तपासलीं गेलीं, संशयितांना रुग्णालयांत व त्यांच्या आप्तांना वेगळ्या छावणींत नेण्यांत आलें. त्या वर्षींच्या २२ जूनच्या रात्रीं चाफेकर बंधूंच्या हातून रँड यांच्यावर गोळी झाडली गेली व ३ जुलै रोजीं ते मरण पावले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मला त्यांतील एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे. मुंबईंत रोग निघालेल्या घराच्या भिंतीवर खूण रंगवीत. आणि जें घर मनुष्यवस्तीस अयोग्य ठरे, त्यावर तशा अर्थाचीं इंग्रजी आद्याक्षरें लिहीत. खूण करणारा निराळा, ती वाचून कौलें उतरविणारा निराळा. पाडणाऱ्या मजुरानें रोगाची चौकशी करावयाची नसे. भिंतीवरचीं अक्षरें तेवढीं पाहावयाचीं. ही व्यवस्था ध्यानांत असूं द्यावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

याच वर्षीं, १० मार्च १८९७ रोजीं, सावित्रीबाई फुले प्लेगनें गेल्या. त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यांतील नायगांवचा. त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनीं पुण्याजवळ सासाणे यांच्या मळ्यांत रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यांतील पांडुरंग बाबाजी गायकवाड या प्लेग झालेल्या मुलास सावित्रीबाईंनीं पाठीवर घेऊन तेथें आणलें. मुलगा वाचला आणि आणणारीस रोग जडून ती गेली. ज्या मुलाच्या अंगांत रोग मुरला होता तो तरला, आणि ज्यांना तो नुकता लागला होता त्या गेल्या. असें कां व्हावें, याचें उत्तर त्या वेळच्या वैद्यकाजवळ नव्हतें. वय, पोषण, शरीरांत शिरलेल्या जंतूंची संख्या, हीं कारणें आज आपण देऊं शकतों. पण एका विशिष्ट रोग्यापुरता निकाल आजहि देतां येत नाहीं. मिरजेच्या बाजूस अशीच एक आख्यायिका सांगतात. खांसाहेब अब्दुल करीम खां यांना प्लेगनें गांठलें असतां ते मीरासाहेबांच्या दर्ग्यांत जाऊन राहिले, तेथें गायिले आणि बरे झाले. म्हणून मिरज त्यांचें घर झालें. आख्यायिकेचा खरेपणा मी तपासूं इच्छीत नाहीं. उपचाराविना सोडलेले गांठीच्या प्लेगचे निम्म्याहून अधिक रोगी मरत हें खरें, पण कांहीं वांचतहि. वांचलेल्यांच्या शरीरांत जें कांहीं घडलें, तेंच मनुष्याच्या हातानें घडवून आणावें, ही महत्त्वाकांक्षा धरून एक परदेशी गृहस्थ मुंबईस आला होता.

वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे. मेचनिकॉफ यांचे ते शिष्य. पटकीची लस घेऊन १८९३ त ते हिंदुस्थानांत आले आणि १८९६ च्या ऑक्टोबरांत प्लेगसाठीं मुंबईस. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. या सामुग्रीवर त्यांनीं तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. त्यांची युक्ति मोठी मौजेची आहे. मांसरसाच्या बाटलींत वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या खालच्या बाजूस प्लेगचे जंतु धरत आणि गुहेच्या छतास लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांप्रमाणें खालीं वाढत जात. मधूनमधून बाटली हलवून ते सुळके तळाशीं पाडावयाचे, म्हणजे वर नवे धरत. पुढें सर्व रस तापवून जंतु मारावयाचे व थोडें कार्बोलिक ॲसिड घालावयाचें. तुपाचा असा उपयोग आपल्याकडील कोणा सुगरणीच्या स्वप्नांतहि आला नसेल! १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग निघाला, तेव्हां राजीखुशीनें पुढें आलेल्या कैद्यांना टोचण्यांत आलें. न टोचलेल्यांपैकीं सहा दगावले. टोचलेल्यांत मृत्यु झाला नाहीं. पुढल्या वर्षीं आपल्या मिरजेच्याच लोहमार्गावर खालीं असलेल्या हुबळींत हजारों लोकांना टोचण्यांत आलें, आणि शहर हादरवून टाकणाऱ्या सांथींतहि टोचलेल्यांचा बचाव स्पष्ट दिसून आला.

तरीहि लोक टोचून घेईनात. या गोष्टीचें खापर अडाणीपणावर फोडण्याची आपल्यांतील शिकलेल्यांना संवय आहे. मला ती न्याय्य वाटत नाहीं. ज्या सरकारचे शिपाई कालपरवां माजघरांत शिरले होते, त्याच सरकारची सुई आज दंडांत घ्यावयाची होती. शिवाय टोचल्यावर दंड सुजे, दोन दिवस ताप भरे, आणि रोजमुऱ्यावर पोट असलेल्याची दोन दिवसांची मजुरी बुडे. ‘रोग होऊं नये म्हणून ताप कां घ्यावयाचा?’ हा प्रश्न वेडगळ खास नव्हता. त्यांत १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल येथें एका बाटलींतील लस घेतलेल्या १९ माणसांना धनुर्वात होऊन तीं मेलीं. दोष बाटली उघडतांना झालेल्या हयगयीचा होता, लसीचा नव्हता; पण हाफकिन यांना कामावरून दूर व्हावें लागलें, आणि रोनाल्ड रॉस प्रभृतींनीं भांडून १९०७ त त्यांच्यावरील कलंक धुऊन काढीपर्यंत पांच वर्षें गेलीं. परळच्या ज्या प्रयोगशाळेचा पाया त्यांनीं घातला, तिला त्यांचें नांव १९२५ सालीं देण्यांत आलें.

आतां त्या मजुराच्या प्रश्नाकडे वळूं. टोचल्यावर ताप कां भरतो? मेचनिकॉफ यांनीं रक्तांतील भक्षक पेशी १८८२ त ओळखल्या होत्या. बेहरिंग व कितासातो यांनीं १८९० त रक्तरसांतील विषहारक द्रव्यें दाखविलीं होतीं. सैन्य आहे आणि शस्त्रेंहि आहेत, इतकें हाफकिन यांना माहीत होतें. परंतु नगारा कोण वाजवितो, आणि लढाई संपल्यावर तो थांबवितो कोण, हें पेशीच्या पोटांत दडलेलें होतें.

त्याचें उत्तर ज्या दिशेनें आलें, तिकडे प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारे पाहतच नव्हते. पेशींतील बहुतेक कामें प्रथिनें करतात. प्रथिनें तयार होतात तशीं मोडलींहि जातात. १९५३ त सिम्प्सन नांवाच्या शास्त्रज्ञास असें आढळून आलें कीं, पेशींतील प्रथिन मोडावयास शक्ति खर्च होते. हें चमत्कारिक होतें. भिंत बांधावयास मजुरी पडते हें समजतें. पण पडकी भिंत ढांसळावयासहि मजुरी कां द्यावी लागावी? पुष्कळांनीं हा प्रश्न बाजूस ठेवला. इस्रायलांतील हैफा येथें अव्राम हेर्श्को व त्यांचे शिष्य आरोन चिखानोव्हर यांनीं तो उचलला. सशाच्या अपक्व रक्तपेशींचा अर्क काढून त्यांनीं त्याचे भाग पाडले. एका भागांत रक्ताचें तांबडें द्रव्य फार होतें; तें काढून टाकण्यासाठीं त्यांनीं तो भाग चक्क उकळला. उकळल्यावर बहुतेक प्रथिनें नासतात. पण त्यांना हवें असलेलें द्रव्य उकळूनहि जसेंच्या तसें राहिलें. फिलाडेल्फियाच्या अर्विन रोझ यांच्या साहाय्यानें १९८० च्या सुमारास त्यांनीं दाखविलें कीं, हें लहानसें प्रथिन दुसऱ्या प्रथिनांस चिकटविलें जातें, आणि ज्यास तें चिकटतें त्याची मोडणी होते. मजुरी जाते ती मोडण्याबरोबरच खूण करण्यांतहि जाते. खूण नेमकी व्हावी म्हणून ती खर्चिक आहे. या तिघांना २००४ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

गंमत अशी कीं, हें लहान प्रथिन निराळ्या नांवानें आधींच प्रसिद्ध झालेलें होतें. गिडियन गोल्डस्टीन यांनीं १९७५ त तें वासराच्या छातींतील थायमस ग्रंथींतून काढलें होतें. ही ग्रंथि प्रतिकारपेशींची शाळा. म्हणून तें त्या पेशींना प्रौढ करणारें द्रव्य असावें असा त्यांचा तर्क होता. तपासतां तपासतां तें प्रत्येक प्राण्याच्या, वनस्पतीच्या व किण्वाच्या पेशींत सांपडूं लागलें, म्हणून त्याचें नांव पडलें युबिक्विटिन, म्हणजे सर्वत्र असणारें. ७६ घटकांची ही सांखळी; मनुष्यांतील व किण्वांतील यांत केवळ तीन घटकांचा फरक. गोल्डस्टीन यांचा तर्क चुकला, पण ज्या दारांत तें त्यांना भेटलें तें दार चुकीचें नव्हतें, हें पुढें दिसेलच.

खूण कशी होते? सांगलीच्या पेठेंत हळदीचा सौदा होतो तेव्हां पोत्यावर खूण पडते आणि मग हमाल तें पोतें उचलतो. पोत्यांत काय आहे, भाव काय ठरला, याशीं हमालास कर्तव्य नाहीं. पेशींत खूण करण्याचें काम तीन विकरें मिळून करतात. पहिलें विकर युबिक्विटिनास शक्ति देऊन सज्ज करतें. दुसरें तें हातीं धरतें. तिसरें नेमकें प्रथिन हेरून त्यावर तें डकवून देतें. मनुष्यांत पहिल्या जातीचीं विकरें दोन, दुसऱ्या जातीचीं सुमारें चाळीस आणि तिसऱ्या जातीचीं सहाशेंहून अधिक. यावरून पारख कोणाच्या हातीं आहे तें कळतें. आणि लावलेली खूण पुसणारींहि विकरें आहेत. तीं शंभराच्या आसपास भरतात. एका खुणेवर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी माळ होते. ती माळ युबिक्विटिनाच्या ४८ व्या घटकावरून गुंफली गेली तर अर्थ होतो, ‘हें मोडा’. आणि पेशींतील प्रोटिॲसोम नांवाचें पिंपासारखें यंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करतें. तीच माळ ६३ व्या घटकावरून गुंफली तर अर्थ अगदीं वेगळा. ‘येथें जमा व्हा’. मुंबईच्या भिंतीवरच्या अक्षरांना एकच अर्थ होता. पेशीची लिपि त्याहून बरीच श्रीमंत आहे.

आतां टोचलेल्या दंडाकडे परत येऊं. मेलेल्या जंतूंचा अंश भक्षक पेशीच्या कवचावरील पहारेकऱ्यास लागतो. तो आंत वर्दी देतो. ट्रॅफ-६ नांवाचें तिसऱ्या जातीचें विकर ६३ व्या घटकाच्या माळा गुंफतें, हें झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेनें २००० सालीं दाखविलें. त्या माळांभोंवतीं पुढचीं वर्दी पोंचविणारीं प्रथिनें जमतात. पेशीच्या अंगणांत एन्एफ्-कप्पा-बी नांवाचें एक प्रथिन बांधून ठेवलेलें असतें. त्याचा शोध १९८६ त रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनीं लावला. त्याला बांधणाऱ्या दाव्यास आय-कप्पा-बी म्हणतात. वर्दी पोंचतांच या दाव्यावर प्रथम एक लहान रासायनिक ठिपका पडतो. तो पाहून खूण करणारें विकर त्यावर ‘मोडा’ असा शिक्का मारतें. दावें कापलें जातें, आणि सुटलेलें प्रथिन पेशीच्या केंद्रांत शिरून युद्धाचे हुकूम लिहूं लागतें. दंड सुजतो, ताप भरतो, प्रतिकारपेशी ग्रंथींकडे धांवतात. मजुराच्या दोन दिवसांच्या तापाचें मूळ हें असें एका दाव्यावर पडलेल्या खुणेंत होतें.

नगारा थांबविण्याची व्यवस्थाहि त्याच यंत्रांत आहे. एन्एफ्-कप्पा-बी जे हुकूम लिहितें त्यांतच ए-२० नांवाच्या एका विकराच्या निर्मितीचा हुकूम असतो. हें विकर दुतोंडी आहे. एका तोंडानें ‘जमा व्हा’ ची माळ पुसतें, आणि दुसऱ्या तोंडानें त्याच प्रथिनावर ‘मोडा’ ची माळ घालतें. हें २००४ त उलगडलें. ज्या उंदरांत हें विकर जन्मतःच नाहीं, ते स्वतःच्याच दाहानें लहानपणीं मरतात. मनुष्यांत त्याची एक प्रत सदोष असेल तर तोंड येणें, गुप्तेंद्रियावर व्रण, सांधेदुखी व ताप यांची मालिका बाळपणापासून चालूं राहते, असें २०१६ त कांहीं कुटुंबांच्या तपासणींतून कळलें. घरांत असा एखादा ‘सारखा कणकण’ असणारा मुलगा असला कीं त्याला नाजूक प्रकृतीचा म्हणून सोडून देण्याची आपली रीत. त्यांतील एखाद्याचें दुखणें असें असूं शकेल.

आतां प्लेगच्या जंतूची पाळी. पिसवेच्या अंगांत थंडावा असतो, तेथें तो निराळा वागतो. मनुष्याच्या ३७ अंशांच्या उबेंत आला कीं तो कवचावरील चरबीयुक्त द्रव्याची घडणच बदलतो, त्यामुळें पहारेकऱ्यास तो नीट ओळखूं येत नाहीं. शिवाय तो सुईसारख्या नळ्या उभारतो आणि पेशीस टेंकून त्यांतून आपलीं प्रथिनें सरळ तिच्या पोटांत सोडतो. १८९७ त लोक सरकारच्या सुईस भीत होते, त्या वेळीं शत्रूजवळ त्याहून कितीतरी जुनी सुई होती! या प्रथिनांपैकीं एकाचें नांव यॉप-जे. तें पेशींत गेलें कीं नगारा वाजत नाहीं, आणि भक्षक पेशी कित्येकदां स्वतःच मरते.

तें हें कसें करतें, याच्या शोधाची हकीकत मला विशेष सांगण्याजोगी वाटते. किम ऑर्थ या विदुषीनें १९९९ त दाखविलें कीं, यॉप-जे वर्दी पुढें नेणाऱ्या प्रथिनांस जाऊन चिकटतें. पुढल्या वर्षीं त्याची घडण खुणा पुसणाऱ्या विकरांसारखी दिसते असें त्यांनींच लिहिलें. मग तर्क सरळ होता: जंतु पेशींतील खुणा पुसून टाकतो. २००५ त दुसऱ्या एका प्रयोगशाळेनें यॉप-जे युबिक्विटिनाच्या माळा सोडवितें असें प्रसिद्धहि केलें. गोष्ट इतकी सुबक जमली होती कीं तेथेंच ती संपती तरी कोणाची तक्रार नव्हती. परंतु २००६ त ऑर्थ यांच्याच प्रयोगशाळेनें आपलें जुनें मत मोडून काढलें. यॉप-जे खूण पुसण्यापेक्षां खूण करतें. आणि तीहि भलतीच. वर्दीच्या प्रथिनावर ज्या नेमक्या जागीं ‘चालूं लाग’ असा ठिपका पडावयाचा, त्याच जागीं तें ॲसिटिलची एक बारीक टिकली आधींच लावून ठेवतें. जागा भरली, ठिपका पडत नाहीं. ठिपका नाहीं म्हणून वर्दी दाव्यापर्यंत पोंचत नाहीं. आणि शिक्का मारणारें विकर हातांत शिक्का घेऊन तसेंच उभें राहतें. स्वतःचें सुबक मत स्वतःच्याच प्रयोगानें मोडणारे लोक शास्त्रांतहि फार नसतात.

मात्र याच्या भरंवशावर प्लेगचें सारें रहस्य उकललें असें कोणी समजूं नये. त्याच २००६ सालीं उंदरांवरील प्रयोगांत असें आढळलें कीं, यॉप-जे काढून टाकलेला प्लेगचा जंतु लसग्रंथींतील पेशींचा संहार कमी करतो, त्यांना तितकेंसें मुकें करीत नाहीं. पण उंदीर मरावयाचा तो मरतोच. जंतूजवळ अशीं आणखीहि शस्त्रें आहेत, आणि एक गेलें तर दुसरें पुढें येतें. प्लेग हटला तो या ज्ञानानें नव्हे. उंदीर, पिसू व घरें यांचा बंदोबस्त, लस, पुढें हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें साहिबसिंग सोखी यांच्या कारकीर्दींत पारखलेलीं सल्फा औषधें, आणि त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिन, यांनीं तो हटला. १९९४ त बीड जिल्ह्यांत व सुरतेस त्यानें पुन्हां डोकें वर काढलें तेव्हां लोक पुन्हां गांव सोडून पळाले. पण गोळ्या व इंजेक्शनें हाताशीं होतीं. खुणांच्या ज्ञानाचें पीक दुसऱ्याच शेतांत प्रथम आलें. प्रतिपिंडें बनविणाऱ्या पेशींच्या मायलोमा नांवाच्या कर्करोगावर प्रोटिॲसोमचें यंत्र अडविणारें बोर्टेझोमिब हें औषध २००३ पासून वापरांत आहे.

आणि दुसरें शेत मिरजेच्या अगदीं जवळचें. मिरजेस विल्यम वानलेस यांनीं १८९४ त रुग्णालय उघडलें. त्या परंपरेंतून पुढें वानलेसवाडीचें क्षयरोग्यांचें आरोग्यधाम उभें राहिलें, आणि मिरजेसच रिचर्डसन यांच्या नांवाचें कुष्ठरोग्यांचें रुग्णालय आहे. क्षय व कुष्ठ यांचे जंतु भाऊबंद. दोघेहि भक्षक पेशीच्या पोटांत शिरून तेथेंच संसार थाटतात. कुष्ठाच्या बाबतींत डॉक्टरांना पूर्वींपासून एक कोडें पडत आलें आहे. एका घरांत, एका ताटांत वाढलेल्या भावंडांपैकीं एकास रोग जडतो व दुसऱ्यास जडत नाहीं. २००४ त व्हिएतनाममधील कुटुंबांत व पुढें ब्राझीलच्या रोग्यांत तपासतां, या फरकाचा संबंध पार्किन नांवाच्या विकराच्या जनुकाच्या परिसराशीं दिसून आला. हें पार्किन म्हणजे खूण करणारें तिसऱ्या जातीचेंच विकर. त्याची ओळख १९९८ त जपानी शास्त्रज्ञांना भलत्याच ठिकाणीं, तरुणपणीं होणाऱ्या कंपवातांत, झालेली होती. इतर कांहीं समाजांत कुष्ठाशीं त्याचा संबंध तितका ठळक आढळला नाहीं, म्हणून कुष्ठाचें जनुक सांपडलें असें म्हणण्याची घाई कोणी करूं नये. परंतु २०१३ त प्रयोगशाळेंत दिसून आलें कीं, क्षयाचा जंतु भक्षक पेशींत शिरला असतां पार्किन त्याच्याभोंवतीं युबिक्विटिनाच्या खुणा करतें, त्या पाहून पेशी त्यास वेष्टून आपल्या पाचक कोठ्याकडे नेते, आणि पार्किन नसलेले उंदीर त्या जंतूस अधिक बळी पडतात. म्हणजे खूण जशी आपल्या प्रथिनावर पडते तशीच ती परक्या जंतूच्या सभोंवतींहि पडते. मुंबईच्या त्या मजुराप्रमाणें पुढचें यंत्र चौकशी करीत नाहीं. भिंतीवर लिहिलें आहे कीं नाहीं, एवढेंच पाहतें.